सॅन्क्शन म्हणजे परवानगी की बंदी? आणि वाचकांच्या इतर शंका

प्रश्न: ताई, मी बँकेत आहे. आमच्याकडे दिवसभर लोन सॅन्क्शन झालं का, सॅन्क्शन लेटर निघालं का हेच चालू असतं, त्यामुळे सॅन्क्शन म्हणजे मंजुरी हे डोक्यात फिट्ट बसलंय. परवा बातम्या बघत होते तर एका देशाने दुसऱ्या देशावर सॅन्क्शन्स लावले असं चाललेलं आणि खाली मराठी पट्टीत लिहिलेलं निर्बंध. मंजुरी आणि निर्बंध एकाच शब्दात कसे काय? डिक्शनरी उघडली तर तिथे दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेत. मग वाचताना कोणता घ्यायचा हे कळणार कसं? (बँकेत नोकरी करणारी वाचक)

उत्तर: तुमच्याच पत्रात याचं अर्धं उत्तर आहे, बघा. तुम्ही लिहिलंत "परवा बातम्या बघत होते". आता परवा म्हणजे होऊन गेलेला दिवस की येणारा? दोन्ही! "परवा आले होते" आणि "परवा येते" यात शब्द तोच पण अर्थ पार उलट्या टोकाचा, तरी आपल्यापैकी कुणाचाही कधी गोंधळ होत नाही कारण पुढचं क्रियापद सांगून टाकतं. सॅन्क्शनचं असंच आहे, फक्त त्याच्या आजूबाजूला काय बघायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. शाळेत आपल्याला शब्द, त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि एक मराठी शब्द एवढंच पाठ करायला लावलं, तिथूनच सगळी गडबड.

आधी हे दोन अर्थ एका घरात आले कसे ते सांगते, म्हणजे लक्षात राहील. मूळ लॅटिन क्रियापद आहे सांकीरे, म्हणजे एखादी गोष्ट पवित्र ठरवणं, तिच्यावर पक्कं शिक्कामोर्तब करणं. सेंट, सँक्टिटी, सँक्च्युअरी ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. त्यावरून सांक्तिओ म्हणजे कायदा, फर्मान. इंग्रजीत हा शब्द 16व्या शतकात आला तो याच कायदा-फर्मान अर्थाने, आणि इतिहासाच्या पुस्तकात प्रॅग्मॅटिक सॅन्क्शन भेटतं ना, 1713 चं, सम्राट सहाव्या चार्ल्सने आपल्या मागे मुलीलाही गादी मिळावी म्हणून काढलेलं, तिथे सॅन्क्शन म्हणजे ना मंजुरी ना बंदी, तर सरळ राजाचं फर्मान. आता कायदा काय करतो? एका गोष्टीवर अधिकृत शिक्का मारतो, आणि जो मोडेल त्याला शिक्षा सांगतो. शिक्क्याच्या बाजूने मंजुरी हा अर्थ वाढला आणि शिक्षेच्या बाजूने दंड, निर्बंध हा. कायद्याचा अभ्यास करणारे लोक आजही नियमाच्या मागे जी शिक्षा उभी असते तिला सॅन्क्शनच म्हणतात. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने तर 1789 मध्ये माणसाला वळण लावणारी चार प्रकारची सॅन्क्शन्स सांगितली, निसर्गाची, राज्याची, समाजाची आणि धर्माची. म्हणजे जास्त खाल्लं तर पोट दुखणार हे सुद्धा त्याच्या हिशोबाने एक सॅन्क्शनच!

देशांवर लावायचे निर्बंध हा जो बातम्यांमधला अर्थ आहे तो मात्र 20व्या शतकात रुळला. 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) इटलीवर आर्थिक निर्बंध लावले आणि सॅन्क्शन्स हा शब्द पेपरात रोजचाच झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1966 मध्ये ऱ्होडेशियावर (आजचं झिम्बाब्वे) पहिल्यांदा सगळ्यांना बंधनकारक असे निर्बंध लावले. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या ज्या कलम 41 खाली हे निर्बंध लावतात त्यात सॅन्क्शन हा शब्दच नाहीये, तिथे नुसतं मेझर्स म्हणजे उपाययोजना असं लिहिलंय. शब्द लोकांनी आणि पेपरवाल्यांनी चिकटवला आणि तो पक्का झाला.

आता मुद्द्याचं, वाचताना ओळखायचं कसं. सगळ्यात आधी शेवटचा स बघा. सॅन्क्शन्स असं अनेकवचन असेल तर बहुतेक वेळा निर्बंधच, मंजुरीचं अनेकवचन इंग्रजीत सहसा कुणी करत नाही. मग त्याच्या शेजारचे शब्द बघा. इम्पोज सॅन्क्शन्स, लिफ्ट सॅन्क्शन्स, टफ सॅन्क्शन्स, सॅन्क्शन्स ऑन किंवा सॅन्क्शन्स अगेन्स्ट अमुक देश, ही सगळी निर्बंधांची टोळी आहे. लावणे, उठवणे, कडक, विरुद्ध. दुसरीकडे ऑफिशियल सॅन्क्शन, विदाउट द सॅन्क्शन ऑफ अमुक, गिव्ह सॅन्क्शन टू तमुक, इथे देणं आहे, कुणाच्या तरी नावाने येणं आहे, म्हणजे मंजुरी. तेव्हा अर्थ पाठ करण्यापेक्षा ही टोळी ओळखीची करून घ्या.

क्रियापदाचं जरा नाजूक आहे. "द बोर्ड सॅन्क्शन्ड द प्लॅन" म्हणजे मंजूर केला, यात शंका नाही, जुना आणि मुख्य अर्थ तोच. पण हल्ली "दे सॅन्क्शन्ड टू कंपनीज" म्हणजे दोन कंपन्यांवर निर्बंध लावले असंही सर्रास लिहितात. इथे मी एक युक्ती वापरते, क्रियापदाच्या पुढे काय आलंय ते बघायचं. योजना, खर्च, कृती, वापर असं काही असेल तर मंजुरी. देश, बँक, कंपनी, अधिकारी, जहाज असं कुणी असेल तर निर्बंध. काम मंजूर होतं, शिक्षा कुणाला तरी होते, इतकं साधं. ही युक्ती जवळपास नेहमी चालते पण विशेषणात गेलं की पुन्हा डोळे उघडे ठेवा, कारण सॅन्क्शन्ड बँक म्हणजे निर्बंध लागलेली बँक आणि स्टेट-सॅन्क्शन्ड म्हणजे सरकारच्या आशीर्वादाने चाललेलं. आणि अनसॅन्क्शन्ड म्हणजे परवानगीशिवायचं. त्याचा "ज्यावर निर्बंध नाहीत असं" हा अर्थ तर्काने निघू शकतो, पण तुम्हाला तो भेटण्याची शक्यता फारच कमी.

तुमच्याच बँकेत खरं तर हे दोन्ही भाऊ एका छताखाली नांदतात. कर्ज विभागात सॅन्क्शन लेटर, आणि परदेशी व्यवहार बघणाऱ्या विभागात सॅन्क्शन्स स्क्रीनिंग, म्हणजे ज्याला पैसे जातायत तो निर्बंधांच्या यादीत तर नाही ना हे तपासणं. एकदा त्या विभागातल्या कुणाला विचारून बघा.

वापराबद्दल दोन शब्द. लोन सॅन्क्शन होणं हे आपल्याकडच्या इंग्रजीत अगदी बरोबर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस साध्या बोलण्यात लोन अप्रूव्ह झालं असं म्हणेल, सॅन्क्शन त्याच्या कानाला जरा जड, सरकारी वाटेल. शिवाय सॅन्क्शनमध्ये अधिकार आहे, मंजुरी देणारा कुणीतरी खुर्चीवर बसलेला लागतो. मैत्रिणीने तुमची आयडिया सॅन्क्शन केली असं गमतीत म्हणालात तर ठीक, मनापासून म्हणालात तर विचित्र. आणि तुम्ही स्वतः लिहिताना समोरच्याचा गोंधळ होईल असं वाटलं तर सरळ अप्रूव्ह किंवा पीनलाइझ वापरून मोकळं व्हा. अवघड शब्द येतो हे दाखवण्यापेक्षा मेल एका वाचनात कळणं कधीही बरं.

प्रश्न: एकाच शब्दाला उलटे अर्थ असलेले अजून शब्द आहेत का इंग्रजीत? मित्र म्हणतो शेकडो आहेत. (कॉलेजमधला वाचक)

उत्तर: शेकडो जरा जास्तच झाले, पण आहेत. अशा शब्दांना काँट्रोनिम म्हणतात. सगळ्यात उपयोगी पडेल तो ओव्हरसाइट. त्याचा एक अर्थ देखरेख आणि दुसरा नजरचुकीने राहून गेलेली गोष्ट. "ओव्हरसाइट कमिटी" म्हणजे देखरेख समिती, "ॲन ओव्हरसाइट" म्हणजे एक चूक. ॲन लागलं की मोजता येणारी वस्तू झाली, आणि मोजता येते ती चूक, देखरेख मोजत नाहीत. क्रियापद करायचं झालं तर दोन वाटा आपोआप वेगळ्या होतात, देखरेखीला ओव्हरसी आणि नजरेतून सुटण्याला ओव्हरलुक, म्हणजे गोंधळ फक्त नामात आहे.

दुसरा टेबल. ब्रिटनमध्ये प्रस्ताव टेबल करणं म्हणजे चर्चेला मांडणं, अमेरिकेत टेबल करणं म्हणजे चर्चा पुढे ढकलणं, बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांची यावरून चांगलीच जुंपली होती, आणि खरं तर दोघांनाही तो विषय लगेच चर्चेला घ्यायचा होता! चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. त्यामुळे इंटरनॅशनल मीटिंगमध्ये हा शब्द आला तर बोलणारा कुठला आहे ते आधी बघून घ्या. डस्ट हा तिसरा, फर्निचर डस्ट केलं म्हणजे धूळ पुसली आणि केक शुगरने डस्ट केला म्हणजे साखर भुरभुरली. बाकीचे हळूहळू भेटतील, यादी पाठ करू नका.

प्रश्न: मी इंग्रजी-मराठी डिक्शनरी वापरतो. एका शब्दाला सात-सात आठ-आठ अर्थ असतात, त्यातला कोणता उचलायचा कळत नाही म्हणून मी पहिला घेतो. बरेचदा चुकतं. मुलगी म्हणते इंग्रजी-इंग्रजी वापरा, पण त्यात अर्थ बघायला गेलं की अर्थातलेच तीन शब्द अडतात. (निवृत्त वाचक)

उत्तर: काका, पहिला अर्थ घ्यायची सवय आधी सोडा. काही डिक्शनऱ्या सगळ्यात जास्त वापरातला अर्थ आधी देतात आणि काही सगळ्यात जुना अर्थ आधी देतात. मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी, जिचा पहिला भाग 1884 ला आला आणि काम पुरं व्हायला 1928 उजाडलं, ती ऐतिहासिक क्रमाने जाते, म्हणजे तिथला पहिला अर्थ कधी कधी तीनशे वर्षांपूर्वीच मेलेला असतो. तिच्या 1989 च्या आवृत्तीत सेट या एका क्रियापदाची नोंद साधारण 60 हजार शब्दांची आहे आणि अर्थ 430 च्या वर! आता यातला पहिला उचलून कसं चालेल.

आणि हे ऐकून घाबरू नका, कारण आपलं काढणे बघा ना. फोटो काढणे, कर्ज काढणे, दिवस काढणे, मार्क काढणे, खोड काढणे, झोप काढणे. यातलं एक तरी तुम्ही डिक्शनरीत बघितलंत का कधी? "दात काढले" हे तर डॉक्टरने काढले की कुणी खिदळत काढले हे मागच्यापुढच्या वाक्यावरच ठरतं. काढणेचे अर्थ तुम्ही पाठ केले नाहीत, तुम्हाला फोटो काढणे हे एकत्र, जोडीनेच माहिती आहे. इंग्रजी शब्दही असे जोडीनेच घ्यावे लागतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये हेच लिहिलं होतं, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्याकडे माणसाबद्दल हेच म्हणतात!

मुलीचं म्हणणं बरोबर आहे पण तिने तुम्हाला बहुतेक चुकीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी दिली. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेली वेगळी आणि शिकणाऱ्यांसाठी केलेली वेगळी. शिकणाऱ्यांच्या डिक्शनरीला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात आणि तिची गोष्ट मला फार आवडते. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांच्या लक्षात आलं की परक्या विद्यार्थ्याला अर्थापेक्षा शब्द वाक्यात कसा बसवायचा हे जास्त नडतं. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक डिक्शनरी केली, ती 1942 मध्ये टोकियोत छापली गेली. पुढे 1948 मध्ये ती ऑक्सफर्डने काढली आणि आज जी ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणून मिळते ती तिचीच नातवंडं पतवंडं.

तुमची जी अडचण आहे, अर्थातलेच शब्द अडतात, तिच्यावर 1978 मध्ये लाँगमन या प्रकाशनवाल्यांनी आपल्या लर्नर्स डिक्शनरीत उपाय काढला, सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहायचे असं ठरवून टाकलं. आणि 1987 ला कोबिल्ड नावाची डिक्शनरी आली, बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या टीमची, त्यांनी कॉम्प्युटरवर खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा ढीग जमवला, त्यावरून अर्थ ठरवले आणि ते पूर्ण वाक्यात सांगितले. म्हणजे मंजुरी असा कोरडा शब्द न देता, अधिकारावरचा माणूस अमुक गोष्ट सॅन्क्शन करतो म्हणजे तो ती व्हायला संमती देतो, या धर्तीवर. वाचता वाचताच कळतं की कर्ता कोण असतो आणि पुढे काय येतं. या तिन्ही आता ऑनलाइन फुकट बघता येतात. हा शब्द मोजता येतो का, पुढे कोणतं प्रीपोझिशन लागतं या बारीक अक्षरातल्या खुणा सोडू नका, खरा माल तिथे असतो.

इंग्रजी-मराठी फेकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. पक्ष्याचं, झाडाचं, आजाराचं नाव असेल तर इंग्रजी व्याख्या वाचत बसण्यात काय अर्थ आहे, मराठी शब्द दिसला की लख्ख कळतं. भाववाचक आणि रोजच्या क्रियापदांना लर्नर्स, बाकी तुमची जुनीच.

प्रश्न: ऑफिसातल्या साहेबांच्या निरोप समारंभासाठी मी भाषण लिहिलं. फेमस हा शब्द फार साधा वाटला म्हणून थिसॉरसमधून (जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश) नोटोरियस घेतला आणि लिहिलं की साहेब कष्टाळूपणासाठी नोटोरियस आहेत. लोक हसले. साहेबही हसले पण जरा वेगळं. थिसॉरसमध्ये दिलेला शब्द चुकीचा कसा? (नाव नको म्हणणारा वाचक)

उत्तर: नाव नको हे योग्यच केलंत! नोटोरियस म्हणजे वाईट गोष्टीसाठी सगळ्यांना माहीत असलेला, आपल्या भाषेत कुप्रसिद्ध, बदनाम. त्याच्यासोबत क्रिमिनल, गँग, केस असले शब्द बसतात. मुळात लॅटिनमध्ये नोतुस म्हणजे नुसतं माहीत असलेलं, आणि इंग्रजीतही सुरुवातीला तो इतका वाया गेलेला नव्हता, पण वाईट माणसांच्या नावापुढे लागून लागून त्याची प्रतिमा कायमची गेली. संगत म्हणतात ती हीच, वरच्या काकांना सांगितली ती.

थिसॉरस खोटं बोलला नाही, तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारलात. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने 1852 मध्ये आपला थिसॉरस छापला तेव्हा त्याने शब्द कल्पनेनुसार एकत्र ठेवले, म्हणजे प्रसिद्धी या विषयाजवळचे सगळे एका कप्प्यात. एका कप्प्यात आहेत म्हणजे एकमेकांच्या जागी चालतात असं नाही. विसरलेला शब्द आठवायला थिसॉरस उत्तम आहे, म्हणजे जो शब्द तुम्हाला आधीच माहितीये पण जिभेवर येत नाहीये तो. कधीच न भेटलेला शब्द तिथून उचलून भाषणात घालणं ही जोखीम.

मराठीत आपण हे किती बारकाईने करतो बघा. वारले, गेले, मेला, खपला, निधन झालं, यातलं कुणासाठी काय म्हणायचं हे शेंबडं पोरही सांगेल, आणि अर्थ विचाराल तर पाचही ठिकाणी एकच. इंग्रजीत स्लिम म्हटलं तर समोरची खूष आणि स्किनी म्हटलं तर बहुतेक नाराज. चाइल्डलाइक म्हणजे लहान मुलासारखा निरागस, चाइल्डिश म्हणजे पोरकट. क्युरियस म्हणजे जिज्ञासू, नोझी म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा. साहेबांना रिनाउन्ड म्हणता आलं असतं पण कष्टाळूपणासाठी तेही जास्त भारी वाटलं असतं, "वेल नोन फॉर" पुरेसं होतं. आणि हो, इनफेमस म्हणजे फेमस नसलेला असं समजून तो पुढच्या भाषणात घालू नका, तो नोटोरियसचाच सख्खा भाऊ.

प्रश्न: रोज वीस नवीन शब्द वहीत लिहून दहा-दहा वेळा वाचते, आठवड्याने सगळं साफ. परीक्षा जवळ आलीये. माझी मेमरी वीक आहे का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक)

उत्तर: तुझी मेमरी वीक नाहीये, पद्धत वीक आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये विसरण्याचा हिशोब मांडला. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही वेळाने पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजायचं. तासाभरानेच निम्म्यापेक्षा कमी मेहनत वाचत होती आणि एका दिवसाने साधारण एक तृतीयांश. लक्षात घे, तो निरर्थक अक्षरं पाठ करत होता. अर्थ असलेलं, कशाला तरी जोडलेलं यापेक्षा जास्त टिकतं, पण तू शब्द आणि समोर एक मराठी शब्द अशी नुसती यादी वाचतेस म्हणजे जवळजवळ त्याचाच प्रयोग पुन्हा करतेयस, आणि तोच निकाल येतोय.

पहिली गोष्ट, दहादा वाचणं बंद. वाचताना येतंय असं वाटतं, ते वाटणं फसवं आहे. मराठी बाजू झाक आणि आठवून बघ, चुकलं तर चुकलं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर मधे न बघता आठवून लिहिणारे पुढे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाहीये ना? मग.

दुसरं, अंतर ठेव. आज, उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. सेबास्टियन लाइटनर नावाच्या माणसाने 1972 मध्ये यासाठी चिठ्ठ्यांचे डबे सुचवले, आलेली चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलेली परत पहिल्या डब्यात, आणि पुढचे डबे उशिरा उघडायचे. मोबाइलवरची फ्लॅशकार्ड ॲप्स बरीचशी याच कल्पनेवर चालतात. चिठ्ठीवर नुसता शब्द लिहू नकोस, एक छोटं वाक्य लिही आणि त्यात शब्दाच्या जागी गाळलेली जागा सोड, "द यूएन ____ सॅन्क्शन्स ऑन" असं. तिथे इम्पोज्ड आठवला की एका दगडात दोन पक्षी.

आणि वीस कशाला? आठ घे. कोणते घ्यायचे यावरही विचार कर. इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरातली साधारण 2000 शब्दकुटुंबं आली की सर्वसाधारण मजकुरातले 80 टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे होतात. शब्दकुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह असे एका मुळाचे सगळे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006 च्या हिशोबाने पेपर आणि कादंबऱ्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार कुटुंबं लागतात. म्हणजे मधला जो मोठा टप्पा आहे तिथे तुझं काम आहे, आणि आजचा शब्द म्हणून मिरवणारे जे भन्नाट स्पेलिंगचे शब्द फिरत असतात ते परीक्षेतही भेटत नाहीत आणि पेपरातही नाहीत. संपादकीय वाचताना जो शब्द दुसऱ्यांदा आडवा आला तोच वहीत घ्यायचा, असा नियम कर. एकदा आलेल्याला जाऊ दे.

प्रश्न: ईमेलमध्ये प्लीज रिव्हर्ट बॅक लिहितो. परदेशातल्या क्लायंटने एकदा विचारलं रिव्हर्ट टू व्हॉट? (आयटीतला वाचक)

उत्तर: त्याचा प्रश्न रास्त आहे. रिव्हर्ट म्हणजे आधीच्या स्थितीला परत जाणं, तुम्ही कोडचं जुनं व्हर्जन परत आणता ना, तेच. उत्तर द्या या अर्थाने तो आपल्याकडच्या ऑफिसांत इतका मुरलाय की आपसात बिनधास्त चालतो, बाहेर प्लीज रिप्लाय किंवा गेट बॅक टू मी लिहा. बॅक मात्र दोन्ही अर्थांत जास्तीचा, री मध्येच परत आहे.

प्रश्न: सजेस्ट मी अ गुड बुक आणि लेट्स डिस्कस अबाउट इट, दोन्हीला सरांनी लाल गोल केला. का? अर्थ तर कळतोय. (दहावीतली वाचक)

उत्तर: अर्थ कळतोय गं, पण शब्दाच्या पुढे काय चालतं हा सुद्धा त्याच्या माहितीचाच भाग. सजेस्टला आधी वस्तू लागते, माणूस हवाच असेल तर टू लावून मागे, "सजेस्ट अ गुड बुक टू मी". एक्सप्लेनचंही तसंच, "एक्सप्लेन धिस टू मी". डिस्कसमध्ये "बद्दल" आधीच आहे म्हणून अबाउट नको, पण डिस्कशन हे नाम केलंस की अबाउट किंवा ऑन लागतं, आणि टॉकला तर अबाउट हवंच. नियम शोधू नकोस, इथे नियम असा फारसा नाहीये, अख्खा तुकडा म्हणून तोंडात बसव.

प्रश्न: प्रीपोन हा शब्द इंग्रजीत नाहीच असं मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं. आहे की नाही? (एक वाचक)

उत्तर: आहे. ऑक्सफर्डमध्ये नोंद आहे, आणि हा शब्द 16व्या शतकातही एकाने वापरलेला सापडतो, फक्त तेव्हा अर्थ होता आधी ठेवणं, मांडणं. तारीख अलीकडे आणणं या अर्थाने तो मुख्यतः आपल्याच भागात चालतो, आणि माझ्या मते पोस्टपोनला असा नेटका जोडीदार ज्यांनी रुळवला त्यांचं कौतुक व्हायला हवं. ज्यांनी तुम्हाला ऐकवलं त्यांना नोंद दाखवा. पण ज्या मेलमध्ये परदेशी मंडळी असतील तिथे ब्रिंग फॉरवर्ड किंवा मूव्ह अप लिहा, आणि जोडीला नवी तारीख स्पष्ट टाका, कारण मीटिंग मूव्ह फॉरवर्ड झाली म्हटलं की काही जण अलीकडे समजतात आणि काही जण पलीकडे.